हब मोटरवर कोरलेला कोड कसा वाचावा

विजेच्या सायकलच्या चाकाच्या मध्यभागी बसते ती हब मोटर. सुटी मोटर, दुसऱ्याने वापरून विकलेले किट, जुन्या विजेच्या सायकलचे मागचे चाक. यांपैकी काहीही हातात आले की पहिला प्रश्न असतो, ही मोटर नेमकी कोणती? कागद हरवलेले असतात, खोके रद्दीत गेलेले असते आणि स्टिकर दोन पावसाळ्यांत निघून गेलेले असते. उरतो तो ॲल्युमिनियमच्या कवचावर कोरलेला कोड. हा कोड म्हणजे मोटरचे आडनाव समजा. घराणे त्यातून कळते, पण ती किती वेगाने फिरते हे बहुतेक वेळा त्यात नसते, आणि बॅटरी व कंट्रोलर (बॅटरीतली वीज मोटरला बेताने सोडणारी पेटी) निवडताना नेमके तेच लागते. त्यामुळे आधी कोड वाचायचा आणि मग दोन-तीन मोजमापे घेऊन तो पडताळायचा.

कोड मोटरवर रोमन लिपीत असतात. इथे ते उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. ‘आरएम’ असे दिसले तर मोटरवर आर आणि एम ही दोन अक्षरे शोधा.

कोड शोधायचा कुठे

मोटरच्या बाजूच्या झाकणावर, आसाच्या भोवती किंवा आरे अडकवण्याच्या कडेजवळ कोड कोरलेला असतो. डिस्क ब्रेक असेल तर तो अनेकदा रोटरखाली, म्हणजे ब्रेकच्या तबकडीखाली दडतो. सहा स्क्रू काढून रोटर उतरवावा लागतो. मागच्या चाकात गिअरच्या चकत्यांमागेही पाहा.

कवच आधी कापडाने आणि थोड्या स्पिरिटने पुसा. पॉलिश पेपर लावू नका, लेझरचे कोरीव काम उथळ असते आणि दोन हातांत पुसून जाते. त्यावर खडू घासा, वरचा खडू बोटाने पुसा. खाचांत राहिलेल्या पांढऱ्या भुकटीने अक्षरे उठून दिसतात. टॉर्च समोरून न मारता बाजूने, जवळजवळ कवचाला टेकवून धरा आणि फोटो काढून मोठा करून वाचा. आठ आणि बी, शून्य आणि डी, पाच आणि एस, सहा आणि जी या जोड्यांत हमखास घोटाळा होतो. शंका आली तर त्याच कोडमध्ये तेच अक्षर दुसरीकडे कसे कोरले आहे ते पाहून ठरवा.

बहुतेक मोटरांवर दोन ओळी असतात. एक मॉडेलची, दुसरी अनुक्रमांकाची. अनुक्रमांकात उत्पादनाचे वर्ष-महिना आणि त्या खेपेतला क्रमांक असतो. त्यातून मोटरचा वेग काढू पाहणे व्यर्थ आहे. उलट चूकही होते. ‘२८०६’ हा आकडा पाहून कुणी त्याला तारीख समजेल, पण एका प्रसिद्ध घराण्यात तो चुंबकाची रुंदी आणि तारेचे फेरे सांगतो. त्याच्याकडे पुढे येऊच.

स्टिकर आणि कोरीव कोड यांत फरक असेल तर कोरीव कोड खरा माना. स्टिकर विक्रेता लावतो, कोड कारखाना कोरतो.

सुटे आकडे

काही मोटरांवर मॉडेलचे नावच नसते, फक्त आकडे असतात: ३६, २५०, २६, २०१ असे काहीतरी. एकही एकक लिहिलेले नसते. तरी अंदाज बांधता येतो, कारण प्रत्येक राशीचे ठरावीक आकडेच पुन्हा पुन्हा भेटतात.

२४, ३६, ४८, ५२, ६०, ७२ हे व्होल्ट. २५०, ३५०, ५००, ७५०, १००० हे वॅट. १००, १३५, १७०, १७५, १९० हे फोर्कच्या दोन पायांमधले अंतर, मिलिमीटरमध्ये. १६, २०, २६, २७.५, २८, २९ हा चाकाचा व्यास, इंचांत. राहिलेला, साधारण १८० ते ४५० मधला अडनिडा आकडा म्हणजे मिनिटाला फेरे, आरपीएम. २०१, २६०, ३२८ असे विचित्र आकडे दिसले तर जवळपास नक्कीच फेरे.

अडचण येते ती २५० किंवा ३५० एकटाच दिसला की. तो वॅटही असू शकतो, फेरेही. मग हिशेब करून पाहा. चाकाचा परीघ मीटरमध्ये घ्या, त्याला फेऱ्यांनी गुणा आणि ०.०६ ने गुणा. ताशी किलोमीटर मिळतात. २६ इंची चाकाचा परीघ टायरनुसार २.०७ मीटरच्या आसपास, २० इंचीचा दीड मीटरच्या थोडा वर. २०१ फेऱ्यांना २६ इंची चाकात २५ किमी येतात, २६० ला ३२, ३२८ ला जवळजवळ ४१. पहिला आकडा युरोपातल्या ताशी २५ किमीच्या मर्यादेशी बेतून ठेवलेला आहे हे इथे उघड दिसते. हिशेबातून बेतशीर वेग निघाला तर तो आकडा फेऱ्यांचा असायला हरकत नाही. ताशी ९० वगैरे निघाले तर तो दुसराच काहीतरी आहे.

हे फेरे छापील व्होल्टेजवर, बिनभाराचे, आणि गिअर असलेल्या मोटरीतही चाकाचे असतात, आत फिरणाऱ्या चुंबकांच्या भागाचे नव्हेत. रस्त्यावर सपाटीला त्याच्या ८० ते ९० टक्के वेग मिळतो.

बाफांगचे कोड

सुझौच्या या कंपनीचा जुना ब्रँड एट-फन. जुन्या मोटरांवर आठ हा आकडा आणि पुढे ‘फन’ असे कोरलेले दिसेल, माल तोच. आजच्या कोडची ठेवण सरळ आहे. उदाहरणार्थ:

आरएम जी०६०.७५०.डीसी

पहिली दोन अक्षरे जागा सांगतात. आरएम मागची मोटर, एफएम पुढची, एमएम मधली म्हणजे पेडलपाशी बसणारी. जी आणि पुढचे तीन आकडे म्हणजे मोटरचे कुटुंब. आतला गाभा, गिअर, कवचाचा आकार यांवर ठरते. त्यानंतर वॅट. शेवटची अक्षरे जोडणीची: व्ही म्हणजे रिमला लागणारा व्ही-ब्रेक, डी म्हणजे डिस्क, सी म्हणजे कॅसेट. तेव्हा वरची मोटर मागची, ७५० वॅटची, डिस्क आणि कॅसेट दोन्ही घेणारी. जी०६० हे जाड टायरच्या सायकलींसाठी केलेले कुटुंब, फोर्कचे अंतर १७५ मिलिमीटर. नेहमीच्या १३५ च्या सायकलीत ती कितीही आवळली तरी बसणार नाही.

आरएम जी०२०.५००.डी आणि आरएम जी०२०.५००.डीसी यांत फक्त शेवटचा सी वेगळा आहे, पण तेवढ्यावर चुकीची खरेदी होते. नुसता डी असेल तर गिअरचा गठ्ठा आट्यांवर फिरवून बसवायचा फ्रीव्हील लागतो. सी असेल तर खोबणीदार तबकड्यांचा कॅसेट. एकाचा गठ्ठा दुसऱ्यावर चढत नाही. हातात मोटर असेल तर कोड न वाचताही कळते: उजव्या बाजूला बाहेरून आटे दिसले तर फ्रीव्हील, लांबट खोबण्या दिसल्या तर कॅसेट.

जी३१० हे छोटे, शांत कुटुंब. आतले गिअर ११ ला १ असे, म्हणजे आतला भाग अकरा वेळा फिरला की चाक एकदा फिरते, आणि चुंबकांच्या आठ जोड्या. हे दोन आकडे पुढे डिस्प्ले लावताना कामी येतील.

जुन्या मोटरांवर जी वगैरे काही नसते. तिथे एसडब्ल्यूएक्सके, एसडब्ल्यूएक्सएच, बीपीएम, सीएसटी अशी नावे दिसतात. पहिल्या दोन लहान, हलक्या. बीपीएम मध्यम, मागची, फ्रीव्हीलची. सीएसटी तिची कॅसेटवाली बहीण. बीपीएमच्या बाबतीत ‘कोड १०’, ‘कोड १३’ असा आणखी एक आकडा असतो. तो वाइंडिंगचा, म्हणजे तारेच्या गुंडाळणीचा. आकडा लहान तेवढी मोटर वेगवान.

विक्रीचे नाव आणि कोड यांची गल्लत होऊ देऊ नका. एम६२० किंवा ‘अल्ट्रा’ म्हणून ओळखली जाणारी मधली मोटर कोडमध्ये एमएम जी५१०.१००० आहे. सुटा भाग मागवताना कोड द्यावा, नाव नव्हे.

बाकीची घराणी

एमएक्सयूएसचे कोड एक्सएफने सुरू होतात. एक्सएफ१५एफ पुढची, एक्सएफ१५आर मागची फ्रीव्हीलवाली, एक्सएफ१५सी मागची कॅसेटवाली. या गिअरच्या मोटरी. एक्सएफ४० मात्र थेट फिरणारी, बिनगिअरची. तिच्या कोडमध्ये ३०एच किंवा ४५एच असे पुढे जोडलेले असते. ही चुंबकांची रुंदी, मिलिमीटरमध्ये. रुंदी जास्त तेवढे लोखंड आणि तांबे जास्त, आणि मोटर गरम व्हायला वेळ जास्त. एका घराण्यातल्या दोन मोटरांची ताकद तोलायची तर वॅटपेक्षा हा एच पाहावा.

क्यूएस मोटरांतही तेच. ‘२०५ ५०एच व्ही३’ म्हणजे २०५ मिलिमीटर व्यासाचा स्टेटर (तारा गुंडाळलेला, न फिरणारा भाग), ५० मिलिमीटर रुंदीची चुंबके, तिसरी आवृत्ती. इथला व्ही व्ही-ब्रेकचा नव्हे आणि व्होल्टचाही नव्हे. पुढे ४टी, ५टी असे असेल तर ते तारेचे फेरे.

नाइन कॉन्टिनेंटच्या मोटरांवर २८०६, २८०७, २८०८, २८१० असे चार आकडे. पहिले दोन रुंदी, २८ मिलिमीटर. शेवटचे दोन स्टेटरच्या प्रत्येक दातावरचे तारेचे फेरे. २८०६ वेगवान, २८१० संथ. त्याच मोटरांची आणखी एक जुनी लिहिण्याची पद्धत होती, ६×१० किंवा १०×६ अशी: पहिला आकडा फेरे, दुसरा एकत्र गुंडाळलेल्या तारा. फेरे कमी केले की खाचेत जागा उरते, तिथे जास्त तारा मावतात, म्हणून दोन्ही आकडे उलट दिशांनी सरकतात.

क्रिस्टलाइटच्या जुन्या ५३०३, ५३०४, ५३०५ या मोटरांतही शेवटचे दोन आकडे फेऱ्यांचे. ४०८ आणि ४०११ यांत पुढचे ४० समान, आणि उरलेले ८ व ११ फेरे. नंतरच्या मालिकेत एचएस म्हणजे वेगवान, एचटी म्हणजे संथ, पुढचे ३५ ही रुंदी.

क्यूट क्यू१०० सारख्या छोट्या गिअर मोटरांत सरळ मिनिटाचे फेरेच सांगतात: ३६ व्होल्टला २०१, २६० किंवा ३२८. सगळ्यांनी असे केले असते तर हा लेख निम्मा झाला असता.

मॅक आणि तिच्यापासून निघालेली जीमॅक यांत ८टी, १०टी, १२टी असे वाइंडिंग. आत ५ ला १ गिअर. जीमॅकमध्ये एकदिशा क्लच नसतो, म्हणून ब्रेक लावताना ती बॅटरीत ऊर्जा परत टाकू शकते. हे गिअरच्या मोटरीत एरवी होत नाही.

टी हा आकडा फसवा का

तारेचे फेरे आणि वेग यांचे नाते एका घराण्यापुरते चोख आहे. १०टी ऐवजी ८टी घेतली की त्याच व्होल्टेजला वेग १०/८ म्हणजे सव्वापट. पण मॅकची ८टी आणि दुसऱ्या कुणाची ८टी यांची तुलना होत नाही. चुंबकांची संख्या, रुंदी, गिअर सगळेच वेगळे.

दुसरा गैरसमज अधिक खर्चिक आहे. जास्त फेऱ्यांची मोटर ‘टॉर्कवाली’, म्हणजे फिरवण्याचा जोर जास्त असलेली, म्हणून विकली जाते. कवच तेच, तांबे तेवढेच, चुंबके तीच असतील तर तेवढीच उष्णता सोसून दोन्ही मोटरी तेवढाच टॉर्क देतात. फरक एवढाच की कमी फेऱ्यांच्या मोटरीला त्यासाठी जास्त अँपिअर लागतात, आणि जास्त फेऱ्यांच्या मोटरीला तोच वेग गाठायला जास्त व्होल्ट. म्हणजे प्रश्न मोटरीचा नसून तिच्यासमोर कोणता कंट्रोलर आणि कोणती बॅटरी आहे याचा. १५ अँपिअरचा लहान कंट्रोलर घेऊन ज्याला चढ चढायचा आहे त्याला संथ वाइंडिंग बरे पडते ते याच कारणाने.

वॅटवर विश्वास किती ठेवायचा

थोडाच. युरोपच्या ईएन १५१९४ या मानकात सायकलची मदत करणारी मोटर सततच्या २५० वॅटपर्यंत आणि मदत ताशी २५ किमीपर्यंत असा नियम आहे. साहजिकच एकाच गाभ्याच्या मोटरीवर बाजार पाहून २५०, ३५० किंवा ५०० कोरले जाते. छापील वॅट म्हणजे मोटर किती वेळ न तापता काम करेल याचा कारखान्याने केलेला दावा. ती प्रत्यक्षात किती ओढेल हे कंट्रोलर ठरवतो: ३६ व्होल्टची बॅटरी आणि १५ अँपिअरचा कंट्रोलर म्हणजे बॅटरीतून ५४० वॅट, मोटरवर काहीही लिहिलेले असो. ४८ व्होल्ट, २० अँपिअर असेल तर ९६०.

व्होल्टचेही तसेच. ३६ व्होल्टची मोटर ४८ ला जळत नाही. ती एक तृतीयांश जास्त वेगाने फिरते. जळते ती चढावर सावकाश, पूर्ण अँपिअरवर दहा मिनिटे घुरघुरल्याने. छोट्या गिअर मोटरीत त्याआधी आतले नायलॉनचे दाते जातात.

म्हणून आकाराचा खरा अंदाज वजनावरून घ्या. आरे आणि रिम सोडून नुसती मोटर तोलली तर लहान गिअर मोटर दोन-अडीच किलो, बीपीएम-मॅक जातीची मध्यम मोटर चार किलोच्या आसपास, २८ मिलिमीटर रुंदीची थेट मोटर सहा-सात किलो. दोन किलोच्या मोटरीवर १००० वॅट लिहिलेले असेल तर लिहिणाऱ्याची उमेद दांडगी आहे एवढेच म्हणता येईल.

मोजून खात्री करणे

लागेल ते: मल्टिमीटर, तो हर्ट्झ मोजणारा असेल तर उत्तम; चिकटपट्टी; हळू गतीचे व्हिडिओ काढणारा फोन; वजनकाटा; शक्य असल्यास वेग बदलता येणारे ड्रिल.

पहिले काम, गिअरची की थेट हे ठरवणे. केबल सोडवा, मोटरला वीज नेणाऱ्या तीन जाड तारा (फेज तारा) एकमेकींना टेकू देऊ नका, चाक उचलून हाताने फिरवा. पुढे अगदी मोकळे फिरते आणि मागे फिरवताना जड लागून आतून गिअरची घरघर येते, तर गिअरची मोटर, क्लचसह. दोन्ही दिशांना सारखेच, बारीक बारीक अडखळत फिरते, तर थेट. केबल सोडलेली असूनही दोन्हीकडे घट्ट, चिखलात फिरवल्यासारखे वाटले तर केबलीत फेज तारा आपसांत टेकल्या आहेत. बहुधा आसापाशी, जिथे केबल वळते तिथे. केबल जोडल्यावरच घट्ट होत असेल तर कंट्रोलरमधला मॉसफेट (वीज चालू-बंद करणारा भाग) गेला आहे. गिअरची मोटर पुढेही जड फिरत असेल तर क्लच अडकला आहे किंवा ती मुळात बिनक्लचची आहे.

दुसरे, चुंबकांच्या जोड्या. केबल परत जोडून, कंट्रोलर चालू ठेवून हॉल सेन्सरच्या (चुंबक समोरून गेल्याचे ओळखणाऱ्या सेन्सरच्या) काळ्या तारेवर मीटरचे एक टोक आणि पिवळ्या, हिरव्या किंवा निळ्या बारीक तारेवर दुसरे. चाक अगदी सावकाश फिरवा, गिअरची मोटर असेल तर उलटे, कारण पुढे फिरवताना क्लच सुटतो आणि आतला चुंबकांचा भाग हलतच नाही. मीटर शून्याच्या जवळून पाचच्या जवळ आणि परत असा झुलतो. एका पूर्ण फेऱ्यात जेवढे झोके, तेवढ्या जोड्या. गिअर असेल तर जोड्या गुणिले गिअर. २०५ मिलिमीटर स्टेटरच्या बहुतेक सायकलच्या थेट मोटरांत ४६ चुंबके म्हणजे २३ झोके येतात. मॅक, बीपीएम यांत ५ गुणिले ८, म्हणजे ४०. जी३१० मध्ये ११ गुणिले ८, म्हणजे ८८. एवढे मोजताना चुकायला होते. टायरवर चार समान खुणा करून पाव फेरा मोजा आणि चारने गुणा. तीनपैकी एखादा सेन्सर झुलतच नसेल तर तो मेला आहे, मोटर भाराखाली अडखळण्याचे कारणही तेच.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, एका व्होल्टला किती फेरे. याला केव्ही म्हणतात.

कंट्रोलर असेल तर: डिस्प्लेमधली वेगमर्यादा काढा, नाहीतर मोटरऐवजी मर्यादाच मोजाल. चाक उचला, टायरच्या कडेला पांढरी चिकटपट्टी लावा, थ्रॉटल पूर्ण द्या. बॅटरीचे व्होल्ट त्याच क्षणी मोजा. छापील नव्हे, कारण ३६ व्होल्टची बॅटरी भरलेली असताना ४२ असते आणि ४८ ची ५४.६. फोनवर सेकंदाला २४० चित्रांचा व्हिडिओ घ्या.

समजा, नाव पुसलेली एक मोटर समोर आहे. वजन ४.१ किलो, अंतर १३५, मागे फिरवली की घरघर. व्हिडिओत पट्टी दहा वेळा फिरून त्याच जागी यायला ५०० चित्रे लागली. ५०० भागिले २४० म्हणजे २.०८ सेकंद, सेकंदाला ४.८ फेरे, मिनिटाला २८८. मीटरवर ४० व्होल्ट. २८८ भागिले ४० बरोबर ७.२ फेरे दर व्होल्टला. छापील ३६ व्होल्टला हे २५९ येतात, २६ इंची चाकात बिनभार ताशी ३२ किमी. ४८ ला साधारण ३४६ फेरे, ४३ किमी. खरे केव्ही याहून किंचित जास्त असते, कारण बिनभारही मोटर थोडा वेग घर्षणात घालवते. दोन-चार टक्क्यांची बाब आहे.

कंट्रोलर नसेल तर ड्रिलने. मोटर ठरावीक वेगाने फिरवा, गिअरची असेल तर उलटी, आणि कोणत्याही दोन फेज तारांमध्ये मीटर एसी व्होल्टवर लावा. वरचीच मोटर २०० फेऱ्यांना १९.६ व्होल्ट दाखवील. याला १.४१४ ने गुणले की शिखराचे व्होल्ट, २७.७, आणि २०० भागिले २७.७ पुन्हा ७.२. तीनही जोड्यांवर आकडा सारखा यायला हवा. एका जोडीवर स्पष्ट कमी आला तर वाइंडिंगमध्ये फेरे आपसांत चिकटले आहेत, ती मोटर घेऊ नका. मीटर हर्ट्झवर फिरवला तर १३३ दिसतील, सेकंदाला ३.३३ फेऱ्यांनी भागले की ४०. म्हणजे एकाच खटाटोपात जोड्याही कळल्या आणि ही ५ ला १ गिअरच्या, मॅक-बीपीएम जातीची मध्यम मोटर आहे हेही कळले. कोडशिवाय.

साध्या मीटरने फेजचा ओहम मोजायच्या फंदात पडू नका. तो ओहमच्या दहाव्या हिश्श्यात असतो, मीटरच्या वायरींचाच तेवढा भरतो. करायचेच असेल तर अँपिअर बांधता येणाऱ्या सप्लायमधून ३ अँपिअर सोडा आणि फेजच्या टोकांपाशी व्होल्ट मोजा, ०.६ आले तर ०.२ ओहम.

मोटर उघडून पाहण्याचा मोह होतो. गिअरची मोटर उघडायला हरकत नाही, झाकण आणि कवच यांवर मार्करने खूण करून मगच स्क्रू काढा. आतल्या मधल्या चाकाचे आणि बाहेरच्या कड्याचे दाते मोजले की साध्या रचनेत कड्याचे भागिले मधल्याचे एवढे गिअर. थेट मोटर मात्र पुलरशिवाय (ओढून काढायच्या अवजाराशिवाय) उघडू नये. चुंबक स्टेटरला परत खेचतो तेव्हा मध्ये बोट असेल तर बोट जाते.

बसेल का

कोडमधले वॅट वाचून मोटर घेतली आणि फोर्कमध्ये बसली नाही, असे वरचेवर होते. पुढचे अंतर नेहमीच्या सायकलीत १००, मागचे १३५. हे आसाच्या टोकांमध्ये नव्हे, फोर्कला आतून टेकणाऱ्या दोन खांद्यांमध्ये मोजा. आस लहान मोटरांत १२ मिलिमीटरचा, मोठ्या थेट मोटरांत १४ चा. दोन्हींत सपाट केलेल्या बाजूंमधले अंतर साधारण १० असते आणि तेच फोर्कच्या खाचेत बसते. खाच गोल किंवा ढिली असेल तर आस फिरून केबल पिळून तोडतो. टॉर्क आर्म (आसाला फिरू न देणारी पट्टी) लावा, आणि पुढची मोटर ॲल्युमिनियमच्या फोर्कमध्ये असेल तर दोन्ही बाजूंनी लावा.

फ्रीव्हीलचे आटे १.३७ इंच, इंचाला २४. हे बहुतेक ठिकाणी सारखे. रोटरचे सहा स्क्रू ४४ मिलिमीटरच्या वर्तुळात. आऱ्यांची भोके बहुधा ३६. रिम घेण्याआधी मोजा, कारण ३२ ची रिम घेऊन येणारे पुष्कळ असतात.

केबलला नऊ पिनांचा पाणीरोधक जोड असेल तर त्यात तीन जाड फेज, पाच बारीक हॉल आणि नववी पांढरी. ही पांढरी बाफांगमध्ये वेगाच्या सेन्सरची असते. दुसऱ्या काही मोटरांत त्याच जागी तापमानाचा सेन्सर येतो. दोन्ही एक समजून जोडले तर डिस्प्ले एक तर शून्य वेग दाखवतो नाहीतर काहीही. रंग सारखे आहेत म्हणून फेज आणि हॉल यांचा क्रम जुळलाच असेही नाही. जुळला नसेल तर मोटर गुरगुरते, थरथरते आणि बिनभारही भरपूर अँपिअर खाते. तिथेच थांबा, थ्रॉटल वाढवू नका.

डिस्प्लेत काय भरायचे

इथे मोजलेल्या जोड्या कामी येतात, आणि इथेच दुपटीची चूक होते. केटीच्या एलसीडी३ सारख्या डिस्प्लेत पी१ या सेटिंगमध्ये चुंबकांची संख्या गुणिले गिअर भरायची असते, जोड्यांची नव्हे. थेट मोटरीला ४६, मॅक-बीपीएमला ८०, जी३१० ला १७६. काही कंट्रोलर मात्र जोड्या मागतात: २३, ४०, ८८. हॉलवरून वेग मोजला जात असेल आणि पी१ मध्ये निम्मा आकडा गेला तर डिस्प्ले दुप्पट वेग दाखवतो, आणि वेगमर्यादा लावलेली असेल तर मोटर अर्ध्या वेगातच गळपटते. पी२ मध्ये चाकाच्या एका फेऱ्याला वेगसेन्सरचे किती ठोके येतात ते भरायचे: वेगळा सेन्सर नसेल तर ०, एकच चुंबक असेल तर १, सहा असतील तर ६. वेग सहापट किंवा षष्ठांश दिसला तर दोष मोटरीत शोधत बसू नका, पी२ उघडा.

सगळे जुळले की मोजलेले केव्ही, जोड्या, गिअर आणि अंतर एका पट्टीवर लिहून ती केबलला, जोडाच्या जवळ, पारदर्शक नळीखाली चिकटवा. कवचावरचा कोड झिजला तरी पुढच्या माणसाला ड्रिल काढावे लागणार नाही.